वजन उतरवणाऱ्यांचा गट चालवताना काटा ठेवावा की नाही?

वेलदोडा
दहा-बारा जणांचा एक आठवडी गट सुरू करायचा घाट घातला आहे. वजन कमी करू पाहणाऱ्यांनी एकत्र बसायचं, एकमेकांना धरून ठेवायचं. नफ्याचा प्रश्न नाही, जागेचा खर्च वाटून घ्यायचा. आधी जुन्या संस्था कशा चालतात ते वाचायला घेतलं आणि गोंधळ वाढला.

'टॉप्स' ही अमेरिकेत मिलवॉकीला १९४८ साली एस्थर मान्झ यांनी सुरू केलेली ना-नफा संस्था. दर आठवड्याला काट्यावर उभं राहणं हा तिचा कणा. 'ओव्हरईटर्स ॲनॉनिमस' १९६० साली लॉस एंजेलिसला सुरू झाली. तिथे काटा नाही, आहाराचा तक्ता नाही, फी नाही. 'वेट वॉचर्स' जीन नायडेच यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कला काढली. तिथे काटा आहे, खाण्याला दिलेल्या गुणांची मोजदाद आहे आणि फीसुद्धा आहे. तिघींच्या रीती एकमेकींशी जुळत नाहीत, तरी तिघीही साठ वर्षांच्या पुढे टिकल्या. मग कामाचं नेमकं काय? काटा ठेवावा का, आणि गट किती महिने चालवावा? जाणकारांनी लिहावं.

ठोकळा
काटा नसलेला वजनगट म्हणजे बिनपाण्याचा तलाव. कपडे बदलायचे, गप्पा मारायच्या, घरी जायचं.
खुर्ची ओढून बसलोय, चालू द्या.

गणिती
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे, ते आधी देतो. इंग्लंडात १२६७ जणांवर एक चाचणी झाली, २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एकाला थोडक्यात सल्ला आणि पुस्तिका, दुसऱ्याला १२ आठवडे वेट वॉचर्स, तिसऱ्याला ५२ आठवडे वेट वॉचर्स. वर्षाअखेर सरासरी घट अनुक्रमे ३.२६, ४.७५ आणि ६.७६ किलो. दोन वर्षांनी तीच २.३०, ३.०० आणि ४.२९.

यातून दोन गोष्टी घ्या. तीन महिन्यांचा गट पुस्तिकेपेक्षा बरा, पण दोन वर्षांनी दोघांत जेमतेम पाऊण किलोचा फरक उरतो. आणि वर्षभराच्या गटातल्यांचंही गट सुटल्यावर वजन चढलंच. म्हणजे वर्ष हे किमान धरा. 'तीन महिने करून बघू' असं ठरवून सुरू करणार असाल तर जागा भाड्याने घेऊ नका, पुस्तिका छापा.

सावकाश
गणितींना अनुमोदन. काट्याबद्दल माझं म्हणणं, की तो ठेवावा पण त्याचा आकडा त्या दिवशी वाचून दाखवू नये.

कारण सांगतो. नीट चाललेल्या माणसाची चरबी आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते. आणि शरीरातलं पाणी एकदोन किलो सहज वरखाली होतं. यकृतात-स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीराने साठवलेली साखर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. आदल्या दिवशी खारट जास्त झालं, पाळी जवळ आली, दोन दिवस पोट साफ नाही, नवा व्यायाम करून स्नायू सुजले, यातलं काहीही आठवड्याच्या मेहनतीवर बोळा फिरवतं. उदाहरणादाखल आठ आठवडे घ्या:

८४.६, ८४.९, ८३.८, ८४.१
८३.९, ८३.२, ८४.०, ८३.१

पहिल्या चारांची सरासरी ८४.३५, पुढच्या चारांची ८३.५५. उतार सरळ आहे. पण दर आठवड्याला आकडा पुकारलात तर या माणसाचं तीनदा 'वाढलं' म्हणून निघेल, त्यात एकदा तर ८०० ग्रॅमनी. तिसऱ्या वेळेला तो येणारच नाही. वजन दर आठवड्याला नोंदवा, बोला मात्र चार आठवड्यांच्या सरासरीवर.

ठोकळा
म्हणजे तीनदा रडारड आणि हिशेबात नफा. शेअरबाजार झाला की हा.

काटेकोर
सगळे काट्याच्या तत्त्वज्ञानावर बोलताहेत, काट्यावर कुणी बोलतच नाहीये.

तो कडक आणि सपाट फरशीवरच ठेवायचा. गालिचा, रबरी चटई, लाकडी पोकळ फळी यांवर पाय दबतात आणि वजन चुकतं. चारही पाय टेकलेत का ते एकेक कोपरा बोटाने दाबून बघा, एक जरी डुलला तर जागा बदला. डिजिटल काटा उचलून दुसरीकडे ठेवला की पहिलं वजन फेकून द्यायचं. एकदा पायाने दाबून सोडा, शून्य येऊन बंद होऊ द्या, मग खरं वजन.

आता एक खोड, जी फार कमी लोकांना माहीत असते. घरगुती काट्यांपैकी बऱ्याच मॉडेलांत मागचा आकडा लक्षात ठेवण्याची सोय असते. नवं वजन मागच्याच्या अगदी जवळ आलं तर काटा मुकाट मागचाच आकडा दाखवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं 'काय अचूक आहे!' तपासायचं असं: उभे राहा, आकडा बघा, उतरा. मग २०० मिलिलिटर पाणी भरलेली बाटली हातात घेऊन पुन्हा उभे राहा. आकडा तसूभर हलला नाही तर ही खोड आहे असं समजा. उपाय सोपा, दोन वजनांच्या मध्ये पाचेक किलोची पिशवी एकटी काट्यावर ठेवून काढायची, स्मृती पुसली जाते. गटात माणसं बदलत राहतात म्हणून हा त्रास कमी होतो, पण एकच माणूस खात्री करायला लगेच पुन्हा चढला तर होतोच.

महिन्यातून एकदा माहीत असलेल्या वजनाने तपासा. व्यायामाच्या २० किलोच्या दोन तबकड्या पुरतात. आणि काट्यावर जो 'चरबी टक्के' आकडा येतो तो नोंदवूच नका. पायातून बारीक वीज सोडून अडथळा मोजतात, पाणी प्यायलं-न प्यायलं यावर तो बदलतो. पेसमेकर असलेल्याने तर त्या सोयीच्या काट्यावर उभंच राहायचं नाही, साधा काटा वापरायचा.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. काट्याची कमाल मर्यादा बघा. बाजारात पुष्कळ काटे १५० किलोंचे असतात. १५५ किलोंचा माणूस धीर करून पहिल्यांदा आला आणि काट्याने त्याला चारचौघांत एरर दाखवली, तर तो पुन्हा त्या दारात येणार नाही. गट खरं तर त्याच्यासाठीच आहे ना? २०० किलोंचा, रुंद पाटाचा घ्या. शेजारी भिंत किंवा धरायला भक्कम खुर्चीची पाठ हवी.

वेलदोडा
काटेकोर, हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. काट्यावरची मर्यादा कुठे लिहिलेली असते?

काटेकोर
उलटा करा. खालच्या लेबलवर 'मॅक्स' म्हणून असते.

रोमातली_राधा
नेहमी रोमात (नुसती वाचत) असते, पण ठोकळांच्या पहिल्या प्रतिसादामुळे लिहावं लागतंय.

ओव्हरईटर्स ॲनॉनिमसमध्ये काटा नाही तो ढिलाई म्हणून नव्हे. त्यांचं निदानच वेगळं आहे. ते म्हणतात, प्रश्न वजनाचा नाही, खाणं सुरू झालं की थांबवता न येण्याचा आहे. रचना दारू सोडवणाऱ्या गटांसारखी, बारा पायऱ्यांची. खाण्याचा आराखडा ज्याचा त्याने ठरवायचा, हवं तर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाला विचारून. जुना सदस्य नव्याचा 'स्पॉन्सर' होतो, आणि अडलेल्या क्षणी त्याला फोन करायचा असतो, आठवड्याने बैठकीत नव्हे. खर्च ऐच्छिक वर्गणीतून निघतो. बैठकीत एक बोलत असताना दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, नंतरही त्याच्या बोलण्याची चिरफाड करायची नाही. तुमच्या गटात काटा ठेवा-न ठेवा, हा एक नियम मात्र उचलाच. वजनाच्या गटात फुकट सल्ल्यांइतकं माणसाला पळवून लावणारं काही नाही.

दुसरं, काटा काहींना अपायच करतो. दाखल करून घेताना पाच प्रश्न खासगीत विचारायचे. 'स्कॉफ' नावाची चाचणी आहे, १९९९ पासून वापरात आहे. पोट गच्च भरल्यावर मुद्दाम उलटी काढता का? आपण किती खातो यावरचा ताबा सुटलाय अशी धास्ती वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त उतरलंय का? बाकीचे बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजता का? खाण्याच्या विचाराने आयुष्य व्यापलंय का? दोन किंवा जास्त 'हो' आले तर ते निदान नव्हे, पण त्या व्यक्तीला काट्यावर उभं करायच्या आधी जाणकार डॉक्टरकडे पाठवायचं.

ठोकळा
तलावाचं वाक्य मागे घेतो. कपडे घालून कोपऱ्यात बसतो.

गणिती
राधाताई, स्कॉफशी सहमत. पण काटा मुळातच वाईट असं कुणी त्यातून काढू नये. अमेरिकेत 'नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री' आहे, रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ साली सुरू केलेली. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच त्यात घेतात. त्यातले पाऊणएक लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. अर्थात ही यशस्वी लोकांनी स्वतःहून नाव घातलेली यादी आहे. वजन केल्यामुळे टिकलं, की टिकलंय म्हणून काट्यावर चढायला भीती वाटत नाही, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

झटपट_सडपातळ
नमस्कार मित्रांनो, गटबिट कशाला? आमच्या पावडरने १ महिन्यात १२ किलो, डाएट नाही, व्यायाम नाही, १००% सर्वांना गुण, वजन परत येत नाही. मेसेज करा.

काटेकोर
ॲडमिन, ही जाहिरात उडवा कृपया.

गणिती
उडवायच्या आधी हिशेब करून घेऊ. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. १२ किलोंच्या झाल्या ९२,४००. तीस दिवसांत वाटल्या तर रोज ३०८० कॅलरींची तूट. बहुतेक माणसं दिवसभरात तेवढ्या खर्चतच नाहीत, म्हणजे पूर्ण उपाशी राहूनही जमणार नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोट्या जाहिराती ओळखायच्या खुणांची यादी केली आहे. 'डाएट-व्यायामाशिवाय भराभर', 'सगळ्यांना लागू', 'सोडल्यावरही परत येत नाही' या तिन्ही तिच्यात आहेत. साहेबांनी एका ओळीत तिन्ही बसवल्या, कौतुक आहे.

दुपारची_झोप
हे माझं वैयक्तिक मत: गटात चुरस लावा. सगळ्यात जास्त उतरवेल त्याला महिन्याचं बक्षीस. लोक आपोआप पळतील.

सावकाश
पळतील, पण कुठे? किलोंवर बक्षीस लावलं की जड माणूस आणि पुरुष जिंकतात, टक्क्यांवर लावलं तरी पहिल्या महिन्यात आलेला नवा जिंकतो, कारण सुरुवातीला पाणीच जास्त उतरतं. शिवाय वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडणं, जुलाबाची गोळी घेणं हे प्रकार सुरू होतात. बक्षीस द्यायचंच तर हातात असलेल्या गोष्टीला द्या. बैठकीला आला, सातपैकी पाच दिवस वही भरली, ठरवलेलं चालणं केलं, याचे गुण.

पायरी_पायरीने
उशिरा येतोय. वेलदोडा, तुम्हाला कच्चा आराखडा हवा असेल तर मधुमेह टाळण्याच्या अमेरिकी कार्यक्रमाकडे बघा, 'डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम'. मूळ चाचणी २००२ मध्ये छापली गेली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३२३४ लोक, ध्येय दोनच: ७ टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१. गंमत म्हणजे त्यात गट नव्हताच, १६ पाठ एकेकाला समोर बसवून शिकवले होते. ते महागात पडतं म्हणून पुढे वायएमसीएसारख्या सामाजिक संस्थांत तेच पाठ गटात बसवले, आणि २०१० पासून तो तिथला राष्ट्रीय कार्यक्रम झाला. वर्षाचा असतो: पहिल्या सहा महिन्यांत १६ बैठका, पुढचे सहा महिने साधारण महिन्याला एक. चालवणारा डॉक्टर असावा लागत नाही, प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस चालतो.

ध्येयाचं गणित आधीच करून द्या. ९० किलोंच्या माणसाला ७ टक्के म्हणजे ६.३ किलो. त्याच्या डोक्यात २५ असतात. हे पहिल्याच दिवशी बोललं नाही तर सहा किलो उतरवलेला माणूसही हरल्यासारखा निघून जातो.

बैठक तासाची. आधीची वीस मिनिटं आडोशाला वजन, एकच जण नोंदवणार, वहीत नावाऐवजी क्रमांक. मग पंधरा मिनिटं गेल्या आठवड्यात ठरवलेलं कितपत जमलं, वीस मिनिटं एकच विषय (उदा. बाहेरचं खाणं, झोप, सणासमारंभ), उरलेल्या वेळात प्रत्येकाने पुढच्या आठवड्याची एकच गोष्ट ठरवून लिहायची. 'कमी खाईन' लिहिलं तर परत करा. 'संध्याकाळी सहाला घरी आल्याबरोबर बूट न काढता वीस मिनिटं चालेन' असं हवं.

वहीतली नोंद खाल्ल्यावर तासाभरात व्हायला हवी. रात्री आठवून लिहिलेल्यात नेमकं मधलं चरणं गळतं. आणि चालवणाऱ्याने वही तपासताना लाल पेन वापरायचं नाही. वही शाळेची झाली की लोक खोटं लिहितात.

फुकटचा_सल्ला
पैशाचं कुणी बोललं नाही. वेट वॉचर्सचा जुना नियम असा: ध्येयाचं वजन गाठून सहा आठवडे राखलंत की तुम्ही आजीव सदस्य. महिन्यातून एकदा काट्यावर यायचं आणि ध्येयाच्या वर दोन पौंडांत, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमांत असाल, तर फी माफ. इंग्लंडातली 'स्लिमिंग वर्ल्ड' १९६९ साली मार्गारेट माइल्स-ब्रॅमवेल यांनी काढली, तिथेही ध्येयाच्या तीन पौंडांत असणाऱ्याला फुकट. झकास कल्पना आहे, उचला.

रोमातली_राधा
झकास? ज्या महिन्यात वजन घसरलं, नेमक्या त्या महिन्यात दारात पैसे मागायचे. माणूस काय करेल? येणारच नाही. दोन किलो वाढल्यावर ज्याला गट हवा असतो, त्यालाच दंड.

फुकटचा_सल्ला
दंड कसला, बक्षीस बंद झालं एवढंच.

सावकाश
देणाऱ्याला बक्षीस बंद, घेणाऱ्याला दंड. शिवाय ९०० ग्रॅम ही मर्यादा वर सांगितलेल्या पाण्याच्या चढउतारापेक्षाही लहान आहे. टॉप्समध्ये ध्येय गाठलेल्यांचा 'कॉप्स' नावाचा वेगळा दर्जा असतो आणि ध्येयाचं वजन डॉक्टरकडून लिहून आणावं लागतं. मान आहे, पण तो पैशाशी बांधलेला नाही. छोट्या गटाला हे जास्त परवडेल.

दुपारची_झोप
अवांतर: आता ती वजन उतरवणारी इंजेक्शनं आलीत ना, मग गट लागणारच कशाला?

गणिती
त्यातल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, कुठल्याही गटाला हे जमलेलं नाही. पण औषध आणि सल्ला दोन्ही बंद करून वर्षभराने पाहिलं, तर उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. वेट वॉचर्सनेही २०२३ मध्ये ही औषधं लिहून देणारी कंपनी विकत घेतली, आणि मे २०२५ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा धंद्याला धक्का बसलाय हे खरं.

पायरी_पायरीने
गटात इंजेक्शन घेणारे येणारच, तयारी ठेवा. त्यांची भूक मेलेली असते, त्यामुळे 'कमी कसं खावं' हा विषय त्यांना निरुपयोगी. त्यांना हवं असतं ते मळमळ आणि बद्धकोष्ठ कसं सांभाळायचं, थोड्या खाण्यात प्रथिनं कशी बसवायची, स्नायू झडू नयेत म्हणून वजनं उचलण्याचा व्यायाम. आणि इंजेक्शन घेणारा, न घेणारा यांच्या घटीची तुलना गटात होऊ देऊ नका.

सगळ्यांसाठी एक लेखी सूचना: इन्सुलिन, साखर पाडणाऱ्या काही गोळ्या किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल, तर खाणं बदलायच्या आधी डॉक्टरला सांगायचं. वजन उतरू लागलं की तोच डोस जास्त पडतो, चक्कर येते. आठवड्याला दीड किलोहून वेगाने उतरत असेल तर पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो, तेही डॉक्टरकडे.

वेलदोडा
सगळ्यांचे आभार, चांगलंच डोकं चाललं. सध्या असं ठरतंय: गट वर्षाचा, पहिले सहा महिने आठवड्याला, मग पंधरवड्याला. काटा असेल, पण आडोशाला आणि ऐच्छिक. दाखल होताना स्कॉफ. आकडा पुकारायचा नाही, चार आठवड्यांची सरासरी ज्याची त्याला. मधे कुणी बोलत असताना सल्ला नाही. फी सगळ्यांना सारखी. एकच अडतंय: ज्याचं वाढलं त्याच्याशी काट्यापाशी बोलायचं काय?

रोमातली_राधा
'का वाढलं?' हे विचारायचंच नाही. उत्तर त्याला माहीत असतं किंवा कुणालाच माहीत नसतं. आकडा लिहायचा आणि विचारायचं, "येत्या सात दिवसांत अवघड प्रसंग कुठला आहे?" तो सांगेल त्यावर एक वाक्य लिहून द्यायचं, 'असं झालं तर मी हे करेन.' पुढच्या वेळी त्या वाक्याबद्दल विचारायचं, आकड्याबद्दल नाही.

पायरी_पायरीने
आणि जो आलाच नाही त्याला दोन दिवसांत फोन. वजनाचा विषय काढायचा नाही, पुढच्या बैठकीची वेळ सांगायची. सलग दोन बैठका चुकलेला माणूस आपणहून क्वचित परततो.

ठोकळा
पंधरवड्याला करताय तर चार आठवड्यांच्या सरासरीत दोनच आकडे येतील. आठ आठवड्यांची करा. (कोपऱ्यातून.)

सावकाश
ठोकळा चक्क बरोबर आहेत.

वेलदोडा
आठ आठवडे, नोंदवलं. काटा उलटा करून पाहिला: मॅक्स १५०. बदलून आणते.